नाण्यावरची लहान अक्षरे

नाणे हाती आले की आपण राजाचा मुखवटा पाहतो, फार तर किमतीचा आकडा. अभ्यासकाची दृष्टी मात्र ढालीच्या कडेला किंवा मुखवट्याखाली कोरलेल्या एखाद्या बारीक खुणेवर स्थिरावते. हस्तलिखिताची पुष्पिका वाचावी, तसेच हे वाचन. स्वीडनची जुनी नाणी त्यासाठी विशेष उद्बोधक आहेत. कारण 'या नाण्याची हमी कोणाची?' या प्रश्नाचे बदलत गेलेले उत्तर त्यांच्यावर उमटले आहे.

पहिले उत्तर स्थळाचे. दुसऱ्या गुस्ताफ आडोल्फच्या कारकिर्दीत, १६२४ पासून, तांब्याची नाणी पाडली जाऊ लागली. त्यांच्यावर परस्परांना छेदणारे दोन बाण, म्हणजे दालार्ना प्रांताचे चिन्ह, असेल तर नाणे सेतर येथील टांकसाळीचे. गरुडाचे मस्तक आणि सिंहाचे धड असलेला ग्रिफिन असेल तर नीशपिंगचे. गरुड असेल तर आरबूगाचे. पुढे दालार्नातीलच आवेस्ता येथे पडलेल्या नाण्यांवरही तेच बाण आढळतात. म्हणून चिन्हाइतकेच राजाचे नाव आणि वर्षही वाचावे लागते.

दुसरे उत्तर राज्याच्या शब्दाचे, आणि ते महागात पडले. युद्धखर्चाने जेरीस आलेल्या बाराव्या कार्लच्या राजवटीत १७१५ ते १७१९ या काळात तांब्याची लहान नाणी चांदीच्या एका दालरच्या मोलाने चलनात आली. त्यांच्यावर बारीक खुणांऐवजी भव्य प्रतिमा होत्या: मुकुट, ज्युपिटर, सॅटर्न, मार्स. १७१६ च्या नाण्यावर तर 'लोकविश्वासावर' अशा अर्थाचे लॅटिन शब्दच आहेत. विश्वास नाण्यावर कोरावा लागतो, तेव्हा तो व्यवहारातून उठू लागलेला असतो. १७१८ च्या अखेरीस राजा रणभूमीवर पडला. या व्यवस्थेचा सूत्रधार मानला गेलेला मंत्री ग्योर्ट्स याचा १७१९ मध्ये शिरच्छेद झाला आणि नाण्यांचे मोल उतरवले गेले. मालिकेतील शेवटच्या, १७१९ च्या, नाण्याचे नाव होते 'आशा'.

तिसरे उत्तर व्यक्तीचे. टांकसाळप्रमुख धातूच्या वजनाला आणि कसाला जबाबदार. म्हणून त्याची आद्याक्षरे नाण्यावर येत. 'ओ.एल.' म्हणजे ओलोफ लिदीन, 'एस.टी.' म्हणजे सेबास्टियन थाम, 'ई.बी.' म्हणजे एमिल ब्रुसेवित्स. मुखवट्याखालची अक्षरे मात्र बहुधा कोरणाऱ्याची असतात. दुसऱ्या ऑस्करच्या नाण्यांवरील 'एल.ए.' ही एका स्त्रीची स्वाक्षरी आहे. लिया आलबोर्न (१८२६–१८९७) हिने टांकसाळीत कोरक असलेल्या वडिलांच्या मृत्यूनंतर ते काम हाती घेतले. स्वीडनमध्ये शासकीय पद भूषविणाऱ्या पहिल्या स्त्रियांत तिची गणना होते. राजाचा मुखवटा ज्यांच्या हाती गेला त्यांपैकी किती जणांनी त्याखालची ती दोन अक्षरे वाचली असतील?

आपल्याकडे मुंबई टांकसाळीची खूण म्हणून वर्षाखाली चौकट कोरतात. ती स्थळ सांगते, माणूस नव्हे. स्वीडनमध्ये १९८६ नंतर टांकसाळप्रमुखाच्या अक्षराच्या जागी मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नरचे अक्षर आले. बेंग्ट डेनिस यांचा 'डी' हे त्याचे पहिले उदाहरण. अक्षर तेवढेच लहान राहिले, परंतु अर्थ बदलला. पूर्वी ते धातूच्या कसाची ग्वाही देई. आता चलनाचे मोल राखण्याची जबाबदारी कोणाची, ते सांगू लागले. नाण्यांचा इतिहास हा जबाबदारीचाही इतिहास असतो, आणि तो बहुधा बारीक अक्षरांतच लिहिलेला असतो.