हब डायनमो

हब डायनमो हे सायकलच्या, बहुधा पुढील, चाकाच्या हबमध्येच बसविलेले लहान विद्युत जनित्र होय. दिव्यासाठी निर्माण झालेले हे साधन लांब पल्ल्याच्या सायकल प्रवासात मोबाइल, जीपीएस यंत्र व पॉवर बँक चार्ज करण्यासाठीही वापरले जाते. भारतात पूर्वी सर्रास दिसणारा डायनमो टायरच्या कडेवर घासून फिरत असे आणि पावसात घसरत असे. हब डायनमोत ही अडचण उद्भवत नाही.

इतिहास

इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीने १९३० च्या दशकात 'डायनोहब' बाजारात आणला. जर्मनीत २०१३ पर्यंत बहुतेक सायकलींना डायनमोवर चालणारे दिवे कायद्याने बंधनकारक होते. तेथील ६ व्होल्ट, ३ वॅट हे प्रमाण आजही रूढ आहे.

कार्यपद्धती

हबच्या कवचातील कायम चुंबक चाकाबरोबर फिरतात व आसावरील तारेचे वेटोळे स्थिर राहते. त्यातून प्रत्यावर्ती धारा मिळते. वेग वाढला तरी ही धारा सुमारे अर्ध्या अँपिअरच्या फारशी पुढे जात नाही. वाढतो तो मुख्यतः विद्युतदाब. त्यामुळे मोबाइल थेट जोडता येत नाही. धारा एकदिश करून दाब ५ व्होल्टवर स्थिर ठेवणारे परिवर्तक मध्ये बसवावे लागते.

चार्जिंगमधील वापर

ताशी १५ ते २० किमी वेगाला साधारण अडीच वॅट शक्ती उपलब्ध होते. ४,००० मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या मोबाइल बॅटरीत सुमारे १५ वॅट-तास ऊर्जा मावते. म्हणजे मधली गळती धरता ती भरण्यास सात-आठ तास सायकल चालवावी लागते. खरी अडचण घाटात येते. चढावर वेग ताशी आठ-दहा किमीवर आला की पुरवठा तुटक होतो, मोबाइलचा पडदा वारंवार उजळतो आणि मिळालेली वीज त्यातच खर्ची पडते. म्हणून दिवसा डायनमोवर पॉवर बँक व रात्री पॉवर बँकेवर मोबाइल चार्ज करणे अधिक श्रेयस्कर. मात्र काही पॉवर बँका इतकी क्षीण, अनियमित धारा स्वीकारत नाहीत. निघण्यापूर्वी चाचणी घेणे अगत्याचे असते. दिवा व चार्जिंग एकाच वेळी पुरेशा शक्तीने चालत नाहीत, आणि अंधारात अग्रक्रम दिव्याचाच.

भार जोडलेला असताना सायकलस्वाराचे पाच-सहा वॅट डायनमोत खर्च होतात. रोज लॉजवर मुक्काम करणाऱ्यास एवढा खटाटोप अनावश्यक आहे; त्याला एक पॉवर बँक पुरते. मनाली-लेहसारख्या विरळ वस्तीच्या मार्गावर मात्र नकाशा व मदतीसाठीचा फोन यांवरच भिस्त असते.

दक्षता

लिथियम-आयन बॅटरी शून्य अंश सेल्सिअसखाली चार्ज केल्यास तिची कायमची हानी होऊ शकते. म्हणून थंड प्रदेशात रात्री ती झोपण्याच्या पिशवीत ठेवतात आणि सकाळी ऊन तापल्यावरच डायनमोला जोडतात. ओल्या यूएसबी खाचेतून चार्जिंग केल्यास तिचे धातूचे जोड गंजतात. विमानप्रवासात पॉवर बँक केवळ हातातील सामानात नेता येते. १०० वॅट-तासांहून मोठ्या पॉवर बँकेस विमान कंपनीची परवानगी लागते.