गव्हर्नर : जुन्या ट्रॅक्टरचा लगाम

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. येथील काळ्या जमिनीत नांगर एखाद्या पट्ट्यात सहज सरकतो, तर पुढच्याच पट्ट्यात चिकणमातीत अडखळतो. बैल अशा वेळी आपण होऊन जोर वाढवतात. इंजिनाला ती समज नसते. भार वाढला की ते मंदावते, भार उतरला की उधळते.

वाफेच्या इंजिनासाठी जेम्स वॉटने यावर १७८८ मध्ये उपाय योजला. गती वाढली की फिरणारे दोन जड गोळे बाहेर फाकत आणि वाफेची झडप मिटवत. मूळ युक्ती पवनचक्क्यांतली. मात्र काही गव्हर्नर गती स्थिरावण्याऐवजी इंजिनाला वरखाली झुलवत. असे का घडते, याचे गणित मॅक्सवेलने १८६८ मध्ये मांडले.

तेच झुलणे जुन्या ट्रॅक्टरांतही आढळते. १९४६ पासून कॉव्हेन्ट्रीत तयार होणाऱ्या फर्ग्युसन टीई-२० चे उदाहरण घ्या. त्याच्या कार्ब्युरेटरची झडप गव्हर्नर हलवतो. चालकाच्या हातातील दांडी केवळ स्प्रिंगचा ताण बदलते. त्यामुळे एकाचा दोष दुसऱ्याच्या माथी सहज मारला जातो. जाणता कारागीर प्रथम ती झडप हाताने स्थिर धरतो. झुलणे थांबले, तर दोष गव्हर्नरच्या स्प्रिंगमध्ये किंवा सांध्यांत. न थांबल्यास चोक किंचित ओढावा. इंजिन सुधारले, तर मिश्रणात इंधन कमी पडते आहे. मग तुंबलेला जेट किंवा गॅस्केटमधून शिरणारी हवा शोधावी.

१९६३ मध्ये महिंद्राने अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी केली आणि मुंबईत कांदिवलीला ट्रॅक्टर तयार होऊ लागले. ते डिझेलचे, त्यांत कार्ब्युरेटर नाही. तरीही इंटरनॅशनलच्या त्या पिढीतील काही छोट्या डिझेल इंजिनांत हवेच्या मार्गावर अशी झडप असे, की पाहणाऱ्याला कार्ब्युरेटरच वाटावा! प्रत्यक्षात तेथील निर्वात एका बारीक नळीने पंपापर्यंत जाई आणि तिथला लवचिक पडदा ओढून डिझेल कमी करी.

हा पडदा फाटला किंवा नळी सुटली, तर निर्वात नाहीसा होतो, स्प्रिंग पंपाला पूर्ण डिझेलकडे ढकलते आणि इंजिन बेफाम होते. अशा वेळी आधी डिझेल तोडून इंजिन थांबवावे लागते. पंप उघडण्यापूर्वी तपासायचे ते नळी आणि पडदा.