वेगवान् इलेक्ट्रॉनांचा निवाडा

वस्तु जितक्या जोरानें ढकलावी तितकी ती वेगानें धांवते, हें गाडी हांकणारासही ठाऊक असतें. परंतु तिचा वेग प्रकाशाच्या वेगाजवळ, म्हणजे सेकंदास सुमारें ३ लक्ष किलोमीटरपर्यंत, गेला तर काय होईल? १८९८ सालीं रेडियम सांपडलें आणि हा प्रश्न कल्पनेच्या प्रांतांतून प्रयोगशाळेंत आला.

रेडियममधून सुटणारे इलेक्ट्रॉन वाल्टर कौफमान यांनीं १९०१ सालीं गॉटिंगेन येथें निर्वात पात्रांतून सोडले. वीज त्यांना एका बाजूस ओढी, चुंबक तिच्याशीं काटकोनांत. आणि फोटोच्या कांचेवर एक वक्र रेघ उमटे. तीवरून दिसलें तें असें कीं, वेग जसजसा अधिक तसतसे हे कण वळण्यास अधिक हट्टी. जणूं त्यांचें वस्तुमानच वाढत होतें. (आजचे शास्त्रज्ञ ‘संवेग वाढतो’ असें म्हणणें पसंत करतात.)

किती वाढतें, यावर मात्र वाद माजला. माक्स आब्राहाम यांच्या मतें इलेक्ट्रॉन हा कधींही न दबणारा गोळा. लोरेंट्झ म्हणत, तो गतीच्या दिशेनें आंखडतो. १९०५ सालीं बर्नच्या पेटंट कचेरींतले आइन्स्टाइन निराळ्याच वाटेनें लोरेंट्झ यांच्या सूत्रापाशीं आले. त्याप्रमाणें शेंकडा ९० वेगाला वस्तुमान सुमारें २.३ पट, ९९ ला ७ पट. आणि पुरा वेग गांठावयास अमर्याद शक्ति लागेल.

१९०६ मध्यें कौफमान यांनीं निकाल छापला: हें सूत्र मापांशीं जुळत नाहीं! लोरेंट्झ यांनीं प्वांकारे यांस लिहिलें कीं, आपली मति आतां खुंटली. आइन्स्टाइन मात्र ढळले नाहींत. आंकडे आब्राहाम यांच्या बाजूचे आहेत हें १९०७ मध्यें कबूल करूनही, ज्या उपपत्तींत व्यापक घटनासमूह सामावत नाहीं ती आपणांस संभवनीय वाटत नाहीं, असें त्यांनीं लिहिलें. ही दूरदृष्टि कीं दुराग्रह, हें त्या दिवशीं कोणीं सांगावें? आम्हांला तरी सांगवलें नसतें.

प्लांक यांनीं तींच मापें पुन्हा तपासून तीं निर्णायक नाहींत असें दाखविलें. १९०८ मध्यें बॉन येथें बूखरर यांचीं मापें आइन्स्टाइन यांच्या बाजूचीं निघालीं, आणि जगानें वाद मिटला असें मानलें. मौज अशी कीं, बूखरर यांचा प्रयोगही निर्णयास अपुरा होता, असें १९३८ मध्यें त्सान व स्पीस यांनीं दाखविलें! खरोखर नेमकें मापन व्हावयास १९४० साल उजाडलें. तें कौफमान यांच्या हयातींतच झालें. ते १९४७ सालीं वारले.