मैहरचा बँड

पाश्चात्त्य आणि हिंदुस्थानी अभिजात संगीताच्या मिलाफाचा विषय निघाला की आम्ही यहुदी मेनुहिन आणि पंडित रविशंकर यांची नावे घेतो. १९६७ साली या दोघांची ‘वेस्ट मीट्स ईस्ट’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. तबल्यावर उस्ताद अल्लारखा होते. परंतु या मिलाफाची सुरुवात त्याच्या अर्धशतक आधी, मैहर संस्थानात झाली होती. ती आम्ही विसरलो.

उस्ताद अल्लाउद्दीन खाँ मूळचे पूर्व बंगालचे. कलकत्त्यात लोबो नावाच्या गोमंतकीय बँडमास्तरांकडे ते व्हायोलिन शिकले. पुढे रामपूरला बीनकार वझीर खाँ यांची तालीम घेतली. दोन्ही विद्या एकाच माणसात उतरल्या. १९१८ च्या सुमारास साथीच्या रोगात पोरकी झालेली मुले त्यांनी मैहरमध्ये गोळा केली, त्यांना वाद्ये शिकवली आणि मैहर बँड उभा केला. सतार, इसराज, हार्मोनियमच्या शेजारी व्हायोलिन, चेलो, पियानो आले. बंदुकीच्या नळ्यांपासून त्यांनी नलतरंग हे नवे वाद्य घडवले. अनेक वाद्यांनी मिळून वाजवायचे ही रीत विलायती, वाजायचा तो मात्र राग!

रविशंकर त्यांचेच शागीर्द आणि उस्ताद अली अकबर खाँ त्यांचे पुत्र. १९५५ साली मेनुहिन यांच्या निमंत्रणावरून न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये अली अकबर यांनीच सरोद ऐकवली.

अडचण खरी होती. पाश्चात्त्य वादक लिहिलेले स्वर वाजवतो. आमचा उस्ताद राग तिथेच फुलवतो. म्हणून मेनुहिन यांच्यासाठी रचना आधी बांधावी लागली. अल्लारखांचे पुत्र उस्ताद झाकीर हुसेन (निधन २०२४) यांनी २०१५ साली मुंबईत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियासाठी तबल्याचा कॉन्चेर्टो रचला. त्याला नाव दिले ‘पेशकार’, म्हणजे एकल तबलावादनाचा आरंभ. ऑर्केस्ट्रा विलायती, नाव मात्र तबल्याच्या घरातले.

अल्लाउद्दीन खाँ पाच वेळचे नमाजी होते आणि मैहरच्या शारदादेवीचे भक्तही. आज आमच्या काही घरांत संगीताचे नाव काढले की कपाळाला आठ्या पडतात; घराबाहेर हा वारसा सांगताना आमची नावे गळतात. दोन्हीकडून नुकसान आमच्याच मुलांचे. उस्तादांनी पोरक्या मुलांच्या हाती वाद्ये दिली. आम्ही आमच्या मुलांना निदान ही हकीकत तरी सांगावी.