कमानीत फिरणारा हात

तबकडी तयार करताना कोरणारं हत्यार कडेकडून मध्याकडे सरळ रेषेत सरकतं. ती वाजवताना मात्र सुई एका दांड्याच्या टोकाला असते आणि दांडा एका जागी बसून फिरतो, म्हणून सुईची वाट कमानीसारखी वळते. लिहिताना सरळ आणि वाचताना वाकडं! टोनआर्म बनवणारी मंडळी गेली शंभर वर्षं या भांडणात मध्यस्थी करत आली आहेत.

हे आज लिहायचं कारण म्हणजे खारघरचा भाचा. त्याने भारीपैकी टर्नटेबल घेतलं, तेही आर्मशिवाय. (आर्म वेगळा घ्यायचा असतो हे मलाही नवीनच.) "मामा, तुम्ही सांगा कुठला घेऊ." मी इतिहास शिकवायचो, यंत्रं नव्हे. पण त्याच्या आईची, म्हणजे माझ्या ताईची, रेकॉर्डची पेटी त्याच्याकडे आहे आणि ताई आता नाही. त्यात 'यंग इंडिया'च्या काही तबकड्या आहेत. या कंपनीचा कारखाना आपल्या हार्बर लाइनवरच्या वडाळ्याला होता. १९३५ च्या सुमाराला सुरू झाला आणि १९५५ च्या आसपास बंद पडला. तिच्या बऱ्याच रेकॉर्डी पुन्हा कधी निघाल्या नाहीत. फुटली तर गेली, झिजली तरी गेली. म्हणून मी जरा खोलात शिरलो.

आमच्या लहानपणी झीज हा शब्दच कोणी काढत नसे. चावीच्या ग्रामोफोनचा साउंडबॉक्स शंभर ग्रॅमच्या वर भार टाकायचा, कारण सुईच्या थरथरीतूनच सगळा आवाज उठायचा. वीज नाही, काही नाही. लाखेच्या तबकडीत मुद्दाम खरखरीत दगडी भुकटी मिसळलेली असे. ती पोलादी सुईला घासून खाचेच्या मापाची करी, म्हणून दर बाजूला नवी सुई. ताई सुयांची डबी स्वतःकडे ठेवायची, आम्हाला हात लावू द्यायची नाही. भारतात १९०२ साली गायजबर्गने कलकत्त्यात गौहरजानचं गाणं मुद्रित केलं, तेव्हापासून दोन-तीन पिढ्यांनी गाणं असंच ऐकलं. गदगच्या पोरवयातल्या भीमसेन जोशींनी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी अशाच एका रेकॉर्डवर ऐकली आणि पुढे घर सोडलं. सुई जरा तिरकी होती म्हणून त्यांचं काही अडलं नाही, हेही खरं!

त्या तिरकेपणाचं गणित १९२४ साली इंग्लंडात पर्सी विल्सन यांनी 'ग्रामोफोन' मासिकात मांडलं. उपाय दोन: दांड्याचं टोक कोनात वळवायचं, आणि सुई तबकडीच्या मधल्या खुंटीच्या थोडी पलीकडे पोचेल इतका दांडा लांब ठेवायचा. पुढे १९३८ मध्ये स्वीडनच्या लोफग्रेन यांनी आणि १९४१ मध्ये बेअरवाल्ड यांनी ते आणखी काटेकोर केलं. एवढं करूनही सुई अख्ख्या तबकडीवर दोनच जागी बिनचूक बसते. बेअरवाल्डच्या हिशेबाने केंद्रापासून साधारण ६६ आणि १२१ मिलिमीटरवर. बाकी सगळीकडे थोडी थोडी तडजोड.

१९४८ मध्ये एलपी आली, दहाएक वर्षांनी स्टिरिओ आला, आणि ही तडजोड कानाला टोचू लागली. खाच बारीक झाली, भार दोन ग्रॅमपर्यंत उतरला. इंग्लंडच्या एसएमई कंपनीच्या रॉबर्टसन-ऐकमन यांनी स्वतःच्या हौसेसाठी एक आर्म बनवला, मित्रांना तो आवडला आणि १९५९ मध्ये तो बाजारात आला. त्याच कंपनीने २०१९ च्या शेवटी नुसता आर्म विकणं बंद केलं. असो.

आता मला यातला सगळ्यात मोलाचा वाटलेला मुद्दा. तबकडीचा फेरा आत येईल तसा लहान होतो, सुईखालून जाणारी खाच मंदावते आणि सूर तिथेच चिरकतो. आपल्या रागदारीच्या एलपीवर तिथे काय असतं? द्रुत, तराणा, तानांचा पाऊस! विलंबित बाहेरच्या ऐसपैस जागेत आरामात होऊन गेलेलं असतं. १९६६ मध्ये स्टीव्हन्सन यांनी एक बिनचूक जागा अगदी आतल्या खाचेवर आणून ठेवली. मधल्या भागात तिने थोडा तोटा होतो, म्हणून अनेक जाणकार नाक मुरडतात. ते खुशाल मुरडोत. खयाल ऐकणाऱ्याने हीच मांडणी घ्यावी असं मला वाटतं, आणि भाच्याला तसंच सांगितलं.

निवड करताना कार्ट्रिज आणि आर्मची जोडी जमावी लागते. मऊ कार्ट्रिजला हलका आर्म, ताठर कार्ट्रिजला वजनदार. जपानी रेडिओसाठी १९६० च्या दशकात तयार झालेलं डेनॉन १०३ या दुसऱ्या जातीतलं. दोघांचा मिळून डोल सेकंदाला दहाच्या आसपास आला की बरं. फार खाली गेला तर उन्हाने वाकलेल्या तबकडीबरोबर आर्म झोके घेतो. मग वजनकाट्यावर सुईचा भार, आरशासमोर तिचा उभेपणा, आणि शेवटी वळवलेल्या टोकामुळे आर्म आत ओढला जातो त्याला उलटा ताण. तो नसेल तर खाचेची आतली भिंत जास्त झिजते. खाडीकाठच्या दमट हवेत बेअरिंगला गंज चढतो का, हेही पावसाळ्यानंतर पाहावं.

ताईच्या तबकड्यांसाठी हे सगळं करून भागत नाही. ७८ च्या खाचेला एलपीच्या सुईच्या तिप्पट-चौपट रुंद टोकाची सुई लागते, नाहीतर ती तळाशी खडखडत जाते. म्हणून डोकं सहज बदलता येईल असाच आर्म घे, म्हटलं. दिसायला सुंदर पण डोकं कायमचं जोडलेले दोन आर्म यादीतून तिथेच गळले.

आर्म आलाय. चोरबाजारातून आणलेल्या दोन फुटक्या नशिबाच्या ७८ वर त्याची परीक्षा चालू आहे. 'यंग इंडिया' अजून पेटीतच आहेत. त्या एकदाच वाजवायच्या आणि त्याच वेळी संगणकावर उतरवून घ्यायच्या, असं आमचं ठरलं आहे. नातेवाइकांपैकी कोणाला यायचं असेल त्यांनी भाच्याला आधी कळवावं, त्याच्या खोलीत सहाच माणसं मावतात.