ख्रिस्तजन्मकथा : शास्त्र आणि लोकपरंपरा

ख्रिस्तजन्मकथा : येशू ख्रिस्ताच्या जन्माची कथा. तिला शास्त्राधार आहे तो नव्या करारातील दोनच ग्रंथांचा : मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांतील पहिले दोन-दोन अध्याय. नाताळचा देखावा, लहान मुलांची नाटिका, पाळणे आणि कीर्तने यांतून लोकांच्या मनात वसलेली कथा या चार अध्यायांपेक्षा बरीच मोठी आहे. त्यातले काही शास्त्रातून आले, काही शास्त्राबाहेरच्या जुन्या ग्रंथांतून, तर काही निव्वळ भक्तांच्या जिव्हाळ्यातून. प्रस्तुत नोंदीत शास्त्र आणि लोकपरंपरा या दोहोंची तुलना पिंपरी-चिंचवड परिसरातील ख्रिस्ती समाज समोर ठेवून केली आहे.

हा परिसर निवडण्याचे कारण त्याच्या वस्तीत आहे. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सनंतर पिंपरीत, चिंचवडला, भोसरीत आणि पुढे चाकणपर्यंत कारखाने उभे राहिले. त्यांच्या मागोमाग नगर-जालन्याकडची मराठी प्रोटेस्टंट कुटुंबे आली, गोवा, वसई आणि मंगळूरकडचे कॅथलिक आले, केरळातील सिरियन परंपरेचे ख्रिस्ती आले. देहूरोडच्या छावणीभोवती तमिळ ख्रिस्ती वस्ती वाढली. एरवी शेकडो मैल दूर असणाऱ्या परंपरा इथे एकाच गल्लीत नाताळ साजरा करतात. पिंपरीच्या ‘अवर लेडी कन्सोलर ऑफ द अफ्लिक्टेड’ या कॅथलिक चर्चमध्ये मरियेचे स्थान वेगळे, आणि नगरच्या मिशनमधून आलेल्या घरातल्या पवित्र शास्त्राच्या वाचनात वेगळे. कथा मात्र दोघेही एकच समजतात.

मुळात शास्त्रातही ती एक नाही. मत्तय योसेफाच्या बाजूने सांगतो. आरंभी वंशावळ, तीत तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको अशा चार स्त्रिया येतात, आणि चौघींच्याही आयुष्यात लोकांनी बोट दाखवावे असे काही घडलेले. मग मरियेच्या गरोदरपणामुळे अडचणीत सापडलेला योसेफ, त्याला पडलेले स्वप्न, पूर्वेकडून आलेले मागी म्हणजे ज्ञानी लोक, हेरोद राजाची भीती, मिसर देशात पलायन, बेथलेहेमातील बालकांची कत्तल आणि शेवटी नासरेथ. लूकची कथा मरियेभोवती फिरते : वृद्ध जखऱ्या व अलीशिबा, गब्रीएल दूताचा निरोप, मरियेची अलीशिबेशी भेट, रोमी सम्राटाची शिरगणती, बेथलेहेमचा प्रवास, गव्हाणीतले बाळ, मेंढपाळ, मंदिरातले शिमोन आणि हन्ना. मत्तयाच्या कथेत मेंढपाळ नाहीत आणि लूकच्या कथेत तारा नाही. मत्तय वाचताना कुटुंब बेथलेहेमचेच वाटते व नासरेथला नंतर जाते. लूकमध्ये ते नासरेथचे आहे आणि बेथलेहेमला कामापुरते आले आहे. मार्कने जन्माविषयी काहीच लिहिले नाही. योहानाने घटना न सांगता तिचा तात्त्विक अर्थ सांगितला. पौलाच्या पत्रांत तर येशू एका स्त्रीच्या पोटी, दाविदाच्या वंशात जन्मला यापलीकडे तपशील नाही. ख्रिस्ती श्रद्धा जन्मकथेवर नव्हे तर क्रूस आणि पुनरुत्थान यांवर उभी राहिली, हे यावरून स्पष्ट होते.

देखाव्यात हे सगळे एका छपराखाली येते. वर तारा, एका बाजूला मेंढपाळ, दुसऱ्या बाजूला उंटांसह तीन राजे, मध्ये बैल आणि गाढव. यातले बैल-गाढव दोन्ही शुभवर्तमानांत नाहीत. यशयाच्या पहिल्याच अध्यायात धन्याला ओळखणाऱ्या बैलाचा आणि गव्हाणी ओळखणाऱ्या गाढवाचा उल्लेख आहे. गव्हाणी या दुव्यावरून ते जन्मकथेत आले, आणि मत्तयाच्या नावावर खपलेल्या एका उत्तरकालीन लॅटिन ग्रंथाने त्यांना पक्के स्थान दिले. १२२३ मध्ये इटलीतील ग्रेच्चो येथे संत फ्रान्सिसने गवताची गव्हाणी, जिवंत बैल आणि गाढव ठेवून नाताळची उपासना घडवली. आजच्या सर्व देखाव्यांचे मूळ तिथे शोधतात.

दार लावून घेणारा धर्मशाळेचा मालक हे नाटिकेतले ठरलेले पात्र. लूकने त्याचा उच्चारही केलेला नाही. मराठी पवित्र शास्त्रात ‘उतारशाळा’ असे आले आहे. पण मुळातला ग्रीक शब्द पाहुण्यांच्या खोलीलाही चालतो आणि शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी लूकने तोच वापरला आहे. भल्या शोमरोन्याच्या दाखल्यातील धर्मशाळेसाठी त्याचा शब्द निराळा. पॅलेस्टाइनमधील साध्या घरात रात्री जनावरे आतच, खालच्या भागात बांधत. मावळातल्या जुन्या घरांत एकाच छपराखाली गोठा आणि माणसे असत, तसाच हा प्रकार. त्यामुळे पाहुण्यांची खोली भरलेली, म्हणून नातलगांनी बाळंतिणीला आतल्या गोठ्याकडे जागा करून दिली, असाही अर्थ लागतो. हा अर्थ प्रस्तुत लेखकाला अधिक पटतो : त्यात गावावर निर्दयपणाचा आळ येत नाही, आणि गरिबाघरची अडचण आहे तशी उरते. गुहेची परंपराही जुनी आहे. दुसऱ्या शतकात जस्टिन या लेखकाने तिची नोंद केली, आणि चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइन सम्राटाच्या काळी त्याच गुहेवर बेथलेहेमचे चर्च बांधले गेले.

मागी किती होते हे मत्तय सांगत नाही, त्यांना राजेही म्हणत नाही. सोने, ऊद आणि गंधरस या तीन भेटींवरून तिघे ठरले. सिरियाक परंपरेतील काही ग्रंथांत ते बारा आहेत. ७२ वे स्तोत्र आणि यशयाचा ६० वा अध्याय यांतले नजराणे आणणारे राजे त्यांच्यावर आरोपित झाले, आणि सहाव्या शतकापर्यंत कास्पर, मेल्खियोर व बाल्थाझार या नावांची रूपेही रुळली. गोव्यात याची सर्वांत ठळक खूण रेइश मागुश येथे आहे : १५५५ च्या सुमारास बांधलेले चर्च या तीन राजांच्याच नावाचे, आणि दर ६ जानेवारीला तिथे, तसेच कासावली व चांदर येथे, मुले राजांचा वेश घेऊन मिरवणुकीत येतात. गोव्याकडून पिंपरीत आलेल्या घरात म्हणूनच ‘तीन राजे’ म्हणतात. मराठी पवित्र शास्त्र वाचत वाढलेल्यांच्या तोंडी ‘मागी’ किंवा ‘ज्ञानी लोक’. मत्तयाच्या म्हणण्याप्रमाणे ते गोठ्यात आलेच नाहीत, घरात आले.

शास्त्राबाहेरच्या ग्रंथांत सर्वांत प्रभावी ठरले ते दुसऱ्या शतकातील ‘याकोबाचे आद्य शुभवर्तमान’. मरियेचे आईवडील योआकीम आणि अन्ना, त्यांचे निपुत्रिकपण, देवदूताचा निरोप, मंदिरात वाढलेली मरिया, म्हातारा विधुर योसेफ, बेथलेहेमच्या वाटेवरचे गाढव, गुहेत आलेली सुईण : सारे या ग्रंथातले. चर्चने तो नव्या करारात घेतला नाही, पण त्यातून सण आले, चित्रे आली.

मराठी मनाला हा साचा ओळखीचा आहे. चिंचवडच्या मोरया गोसावींची जन्मकथाच पाहावी : परंपरा सांगते की अपत्यहीन दांपत्याने मोरगावी गणपतीची आराधना केली आणि त्या प्रसादाने पुत्र झाला. नवस, तप, उतारवयातले अपत्य. जखऱ्या-अलीशिबेची कथा या साच्यात बसते, योआकीम-अन्नेचीही बसते. लूकमधील मरियेची बसत नाही. तिने मूल मागितलेले नाही, व्रत केलेले नाही, तिचे लग्नही अजून पूर्ण झालेले नाही. निरोप आल्यावर ती आधी प्रश्न विचारते आणि मग होकार देते. परंपरेने नवसाची कथा एक पिढी मागे, तिच्या आईकडे नेली, ही लोकमनाची फार सूक्ष्म जाण म्हणावी लागेल. मरियेच्या होकाराला परंपरेने धक्का लावला नाही.

योसेफाचे वय मात्र केवळ चित्रकाराचा प्रश्न राहिला नाही. येशूच्या भावंडांचा उल्लेख शुभवर्तमानांत आहे. ऑर्थोडॉक्स परंपरेत ती योसेफाच्या पहिल्या लग्नाची मुले. कॅथलिक परंपरेत संत जेरोमला अनुसरून चुलत-मावस भावंडे. बहुतेक प्रोटेस्टंटांच्या मते सख्खी. देखाव्यातला पांढऱ्या दाढीचा योसेफ या वादातली एक बाजू आहे.

मराठीत ही कथा दोन वाटांनी आली. पहिली गोव्याची. १५७९ मध्ये आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचा पहिला भाग जुन्या कराराचा, दुसरा ख्रिस्तचरित्राचा. स्वर्गाला वैकुंठ म्हणणारा हा कवी कथा पुराणासारखी ऐकवतो, आणि पुराण म्हटले की श्रोत्यांसाठी विस्तार आलाच. दुसरी वाट छापील पवित्र शास्त्राची. सेरामपूरला विल्यम केरीच्या पुढाकाराने १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत निघाले. १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये नगरला पोहोचलेले अमेरिकन मराठी मिशन न्यू इंग्लंडच्या प्युरिटन वळणाचे होते. शास्त्रात ज्याची आज्ञा नाही तो सण नको, ही त्या वळणाची जुनी भूमिका. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात नाताळ पाळणाऱ्याला दंड होता. अशा परंपरेतून शास्त्र मिळालेल्या नगरकडच्या ख्रिस्ती समाजाने मात्र भजन-कीर्तन सोडले नाही. नारायण वामन टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभले आणि त्यांच्या मृत्यूनंतर लक्ष्मीबाईंनी ते पूर्ण केले. पुणे जिल्ह्यातच, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. ते त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ने ख्रिस्ती समाजाबाहेरच्या वाचकालाही हे अध्याय जवळ आणले.

हेरोद ऐकताच मराठी श्रोत्याला कंस आठवतो, आणि ते स्वाभाविक आहे : भ्यालेला राजा, रात्रीत हलवलेले बाळ, मारली गेलेली मुले. पण कृष्ण गोकुळात नंदाघरी वाढतो. येशूचे कुटुंब परक्या देशात आश्रयाला जाते आणि परतल्यावरही भीतीने गाव बदलते. मारल्या गेलेल्या बालकांच्या आयांचा आक्रोश मत्तयाने यिर्मयाच्या शब्दांत नोंदवला आहे आणि त्यावर सांत्वनाचे एक वाक्यही जोडलेले नाही. लोकपरंपरेने जन्मकथेत जे भरले त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. तिने जे वगळले ते अधिक गंभीर आहे. २८ डिसेंबरला या बालकांचा स्मरणदिन असतो, तरी देखाव्यात त्या आया कुठेच नसतात. पोटासाठी गाव सोडून आलेल्यांच्या या शहरात मिसरला निघालेले कुटुंब ठळकपणे मांडले जायला हवे.

जन्माची तारीख शास्त्रात नाही. रोममध्ये २५ डिसेंबर पाळल्याचा पुरावा इ. स. ३३६ चा आहे. पूर्वेकडे ६ जानेवारी होती आणि आर्मेनियन चर्चमध्ये अजून तीच आहे. वर्षाचाही मेळ बसत नाही. हेरोद इ. स. पूर्व ४ मध्ये वारला, तर लूकने उल्लेखिलेल्या क्विरीनियाच्या कारकिर्दीतली ज्ञात शिरगणती इ. स. ६ ची. इसवी सनाची गणना ५२५ च्या सुमारास डायोनिसियस या भिक्षूने मांडली आणि तीत काही वर्षांची चूक राहिली. येशूचा जन्म हेरोदाच्या अखेरच्या वर्षांत झाला, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात.

दोन्ही शुभवर्तमाने एकत्र बसवण्याचा प्रयत्न करणारे एका तपशिलाशी थांबतात. लूकच्या म्हणण्याप्रमाणे मरियेच्या शुद्धीकरणासाठी मंदिरात पक्ष्यांची जोडी अर्पण झाली. लेवीय १२ प्रमाणे कोकरू द्यायची ऐपत नसणाऱ्याने दोन पारवे किंवा दोन होले द्यावेत, अशी सवलत होती. त्याआधी सोने हाती आले असते तर ही सवलत घ्यायचे कारण नव्हते. म्हणून मागी शुद्धीकरणाच्या चाळीस दिवसांनंतर आले असावेत, असे काही भाष्यकार मानतात. हेरोदाने दोन वर्षांपर्यंतची मुले मारली, याच्याशीही ते जुळते. या हिशेबाने गोठ्यातल्या पहिल्या रात्री पाहुणे होते ते फक्त मेंढपाळ.