७५० पैकी २८२: एका गुणपत्रिकेचा इतिहास

१/ भुसावळजवळचे दीपनगर ही औष्णिक वीज केंद्राच्या आधाराने वाढलेली वसाहत. बारावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातील इतर घरांप्रमाणे तिथेही हिशेब सुरू होतो: एवढ्या गुणांवर पुण्या-मुंबईच्या नामवंत महाविद्यालयात प्रवेश मिळेल काय? या प्रश्नावर प्रकाश टाकणारी एक गुणपत्रिका १९०७ सालची आहे. तिच्याविषयी हा थ्रेड. 🧵

२/ त्या वर्षी परळच्या चाळीत राहणारा एक विद्यार्थी एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाला. गुण ७५० पैकी २८२, म्हणजे ३७.६ टक्के. विद्यार्थ्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. पुढे याच विद्यार्थ्याने न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स येथे उच्च पदव्या मिळवल्या. हे अंतर कसे कापले गेले?

३/ प्रथम त्या गुणांचा अर्थ. मॅट्रिक ही मुंबई विद्यापीठाची प्रवेश परीक्षाच होती. ती उत्तीर्ण होणारा महाविद्यालयात जाण्यास पात्र ठरे. आजच्यासारख्या कट-ऑफच्या याद्या नव्हत्या. पण चाळणी होतीच. ती पैशाची आणि जातीची होती, आणि कोणत्याही गुणपत्रिकेवर तिची नोंद होत नसे.

४/ ही चाळणी शाळेतच सुरू झाली होती. संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि भीमरावांना फारसी घ्यावी लागली. घर म्हणजे चाळीतील एकच खोली. रात्री सारे झोपल्यावर वडील सुभेदार रामजी जागत बसत आणि पहाटेपूर्वीच मुलाला अभ्यासाला उठवत. २८२ गुण या परिस्थितीत मिळालेले होते.

५/ अस्पृश्य समाजातील मुलाने मॅट्रिक होणे त्या काळी इतके दुर्मिळ होते की त्याच्या सत्कारासाठी सभा भरली. अध्यक्ष होते समाजसुधारक सीताराम केशव बोले. लेखक आणि शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाला ते आधीपासून ओळखत होते. त्यांनी त्याची पारख वाचनावरून केली होती.

६/ एल्फिन्स्टन कॉलेजात इंटरपर्यंत शिक्षण झाले आणि वडिलांची ऐपत संपली. तेव्हा केळुसकर त्यांना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे घेऊन गेले. महाराजांनी प्रश्न विचारले, उत्तरे ऐकली आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. पुढील सारे शिक्षण या समोरासमोरच्या भेटीमुळे शक्य झाले.

७/ १९१२ मध्ये भीमरावांनी बी.ए.ची परीक्षा दिली. २ फेब्रुवारी १९१३ रोजी वडील निवर्तले. त्याच वर्षी बडोदा संस्थानाने परदेशी शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. बदल्यात करार होता: परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले.

८/ कोलंबियात त्यांनी सुमारे ६० अभ्यासक्रम घेतले. त्यांपैकी २९ अर्थशास्त्राचे आणि ११ इतिहासाचे. शिवाय समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. १९१५ मध्ये एम.ए. झाले. अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांनी लंडनच्या अध्यापकांकडे त्यांची शिफारस केली. मॅट्रिकचे गुण आता मागे पडले होते. त्यांच्याविषयी बोलत होते ते त्यांचे काम.

९/ १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकीच्या पगारातून पैसे साठवून, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेऊन १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२३ मध्ये डी.एस्सी.

१०/ या इतिहासातून "गुणांना महत्त्व नसते" असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण चुकीचे आहे. मॅट्रिक उत्तीर्ण झाल्याविना पुढचे एकही दार उघडले नसते. एवढेच म्हणता येते की २८२ या आकड्याने परीक्षेचे तीन-चार दिवस मोजले. चाळीतील खोली, नाकारलेले संस्कृत आणि बागेतील वाचन त्या आकड्यात मावले नाही. ते ओळखणारी माणसे भेटली, म्हणून मार्ग निघाला.

११/ मात्र पदव्यांनीही सारी दारे उघडली नाहीत. २३ ऑक्टोबर १९२९. स्थळ खानदेशातील चाळीसगाव. बॅरिस्टर डॉ. आंबेडकर धुळ्याच्या रेल्वेमार्गावरील एका गावच्या बहिष्काराची चौकशी करून तिथे उतरले. महारवाड्यात नेण्यासाठी एकही टांगेवाला तयार होईना. अखेर टांगा भाड्याने घेतला गेला आणि कधीही टांगा न हाकलेल्या एका समाजबांधवाने लगाम हाती घेतले. पुलावर अपघात झाला, डॉ. आंबेडकर दगडी फरसावर फेकले गेले, पाय मोडला आणि घोडा टांग्यासह नदीत पडला.

१२/ कोलंबियाने घेतलेल्या माणसाला चाळीसगावचा टांगा मिळाला नाही. एकट्या गुणवंताला दार उघडून व्यवस्था बदलत नाही, हा धडा त्यांनी पुढे संस्थांच्या रूपात उतरवला. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उभे राहिले आणि १९५० मध्ये औरंगाबादेत जे महाविद्यालय सुरू झाले, ते पुढे मिलिंद या नावाने प्रसिद्ध झाले. ज्यांच्यासाठी शब्द टाकणारा कोणी केळुसकर नव्हता, अशा असंख्य मुलांना तिथे प्रवेश मिळाला.